गाडीसाठी मल्टीमीटर: कुठला घ्यायचा, कसा धरायचा आणि खाऱ्या हवेत काय काय तपासायचं

आमच्या पिकअपला दहा महिन्यांत दोन नव्या बॅटऱ्या घातल्या. गुहागरात आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, गाडी रात्री खळ्यात माडाखाली उभी, आंब्याच्या दिवसात पेट्या आणि एरवी मासळी, म्हणजे बर्फाचं खारट पाणी हौद्यातून ठिबकत खाली चासीवर जाणार हे ठरलेलंच. सकाळी सेल्फ मारला की घर्र, घर्र आणि गप्प. गॅरेजवाल्याने सांगितलं बॅटरी गेली, नवी घातली, चार-पाच महिने बरं चाललं, परत तेच, परत बॅटरी. तिसऱ्यांदा दादा पैसे काढायला निघाला तेव्हा मी म्हटलं थांब, आधी मोजून बघू.

बॅटरीत काही दोष नव्हताच. काय निघालं ते खाली सातव्या पायरीत सविस्तर सांगतो, कारण समुद्राकाठच्या गाड्यांचं निम्मं दुखणं तिथेच असतं आणि मीटर असूनही बहुतेक जण ते चुकीच्या पद्धतीने शोधतात. मी मेकॅनिक नाही, पण गेली काही वर्षं घरच्या आणि वाडीतल्या गाड्यांना मीटर लावून लावून जे कळलं ते नवीन माणसाला पहिल्याच दिवशी कळावं म्हणून लिहितोय.

१. मीटर मोजतो काय, तेवढं आधी डोक्यात घ्या

मीटरवर पन्नास खुणा दिसतात, आपल्याला त्यातल्या चारच लागतात. डीसी व्होल्ट, म्हणजे व्ही अक्षराशेजारी एक सरळ रेघ आणि तिच्या खाली तुटक रेघ. एसी व्होल्ट, व्हीशेजारी लाटेसारखी रेघ. ओहम, म्हणजे अडथळा, आणि त्याच्याच बाजूला बझरची खूण, म्हणजे कंटिन्युटी, वायर सलग आहे का ते. आणि अँपियर.

व्होल्ट मोजताना काहीही सोडवायचं नसतं, गाडी चालू असली तरी दोन्ही पिना दोन जागी नुसत्या टेकवायच्या. ओहम आणि बझर वापरताना मात्र त्या वायरीत करंट अजिबात नको, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली हवी, नाहीतर आकडा खोटा येतो आणि स्वस्तातला मीटर जळतो पण. अँपियर मोजताना वायर तोडून मीटर मध्ये घालावा लागतो, सगळा करंट मीटरच्या पोटातून जातो. अपघात होतात ते जास्त करून या तिसऱ्या प्रकारात. नव्या माणसाने पहिले दोन महिने अँपियरकडे जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे, गाडीची नव्वद टक्के कामं व्होल्टवर होतात.

२. कुठला घ्यायचा

बाजारात सगळ्यात जास्त दिसतो तो छोटा पिवळा डीटी ८३० जातीचा, दोन-तीनशे रुपयांच्या आतबाहेर. बॅटरीचे व्होल्ट बघायला तो चालतो, पण त्यात तीन गोष्टी खटकतात. एक, त्याच्या १० अँपियरच्या भोकाला आत फ्यूजच नसतो, भोकाशेजारी बारीक अक्षरात तसं छापलेलं असतं. दोन, काही मॉडेलना बझर नसतो. तीन, वायरी इतक्या पातळ की पिन मुळाशी दोन महिन्यांत तुटते. आणि मीटरवर १००० व्होल्ट छापलंय म्हणून तो घरच्या बोर्डात घालू नका, त्या कामाचा तो नाही.

मी म्हणेन हजार ते दोन हजारात बसणारा मधला मीटर घ्या. मेको, रिशभ, मोटवाने, युनि-टी, मास्टेक यातलं जे तुमच्याकडे मिळेल ते, रिशभ आणि मोटवाने तर आपल्या नाशिकचेच. फ्लूक उत्तम, पण एका गाडीसाठी तेवढे पैसे घालायची गरज नाही. घेताना हे बघा:

- ऑटोरेंज असेल तर नवीन माणसाला सोपं, रेंज निवडायची कटकट नाही. मॅन्युअल असेल तर गाडीसाठी डीसी २० वर ठेवायचा, २४ व्होल्टच्या ट्रकला किंवा बोटीला २०० वर.
- अँपियरच्या भोकांना, म्हणजे १० अँपियरच्या आणि वेगळं असेल तर मिलिअँपियरच्या, आत फ्यूज हवा. दुकानदाराला विचारा, बहुतेकांना माहीत नसतं, मग मागचा स्क्रू काढून दाखवायला सांगा. काचेच्या फ्यूजपेक्षा पांढरा सिरॅमिकचा चांगला.
- कॅट ३ (CAT III), ६०० व्होल्ट असं छापलेलं हवं, ही घरच्या विजेवर मीटर किती सुरक्षित त्याची खूण. १२ व्होल्टला त्याची गरज नाही हे खरं, पण घरात मीटर आला की कोणीतरी तो फ्रीजच्या प्लगला लावणारच, तेव्हा हेच छापलेलं कामाला येतं.
- डिस्प्लेला लाईट हवा. डॅशबोर्डखाली डोकं घालून बघताना याची किंमत कळते.
- सोबतच्या वायरी जाड आणि मऊ हव्यात, पिनांना बोटं घसरू नयेत म्हणून कड हवी.

एक जास्तीचा सापळा क्लॅम्प मीटरचा. वायर न तोडता अँपियर बघता येतात म्हणून लोक तो आणतात, पण स्वस्तातले बहुतेक क्लॅम्प फक्त एसी अँपियर मोजतात, गाडीचा करंट डीसी, मग वायरीला लावला की शून्य. घ्यायचाच असेल तर डीसी अँपियर आहे का ते खोक्यावर वाचून घ्या.

दुकानातच तपासा: दोन्ही पिना एकमेकींना टेकवून बझर लगेच वाजतो का, अडखळत वाजत असेल तर नको. आणि दुकानातला नवा पेन्सिल सेल मोजा, दीड व्होल्टच्या थोडं वर दाखवला पाहिजे.

३. सोबत काय लागेल

मगरी चिमटे, म्हणजे पिनांवर बसणारे, दोन. हे नसले तर दोन्ही हात पिना धरण्यात जातात आणि सेल्फ कोण मारणार. १० नंबरचा पाना, बऱ्याच गाड्यांच्या बॅटरी टर्मिनलला तोच लागतो. पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, खायचा सोडा. गाडीत बसतात त्या सगळ्या रेटिंगचे दोन-दोन फ्यूज. व्हॅसलिन किंवा पेट्रोलियम जेली. मीटरच्या आतला एक जादा फ्यूज, तो मीटर घेतानाच मागून घ्या, नंतर नेमका तो मिळायला चिपळूण नाहीतर रत्नागिरी गाठावी लागते. आणि एक वही. दर वेळी तारीख टाकून व्होल्ट लिहून ठेवा, सहा महिन्यांनी या वहीचा जेवढा उपयोग होतो तेवढा मीटरचाही होत नाही.

गाडीचा वायरिंग डायग्राम मिळाला तर सोनंच. फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा तक्ता तरी फोटो काढून ठेवा, उन्हाने आणि पावसाने तो पुसट होतो.

४. हात लावायच्या आधी

अंगठी, कडं, घड्याळ, बांगड्या काढा, गळ्यातली चेन किंवा मंगळसूत्र लोंबत असेल तर आत घ्या. १२ व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून लोक बिनधास्त असतात, पण अंगठीवाल्या हातातला पाना पॉझिटिव्हवर आणि अंगठी बॉडीला लागली तर शेकडो अँपियर त्या अंगठीतून जातात, क्षणात लाल होते आणि बोटातून निघत नाही.

बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. कारण साधं आहे, निगेटिव्ह म्हणजे गाडीची अख्खी बॉडी. ती आधी सुटली की नंतर पॉझिटिव्ह काढताना पाना कुठेही लागला तरी ठिणगी नाही. आणि बॅटरी चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, तो पेट घेतो, म्हणून चार्जिंगवरून नुकत्याच काढलेल्या बॅटरीजवळ ठिणगी, विडी-सिगरेट काही नको, आणि तिच्यावर वाकून बघू नका. पाण्याची बॅटरी असेल तर अ‍ॅसिड उडतं, साधा चष्मा तरी घाला.

इंजिन चालू ठेवून मोजताना वायरी फॅन आणि पट्ट्यापासून लांब. ओढणी, पदर, लांब बाही, सैल टी-शर्ट सगळं आवरून. घसारतीवर गाडी असेल तर हँडब्रेक आणि चाकाला जांभ्याचा चिरा.

५. लाल वायर कुठल्या भोकात आहे ते बघा, मग परत बघा

काळी वायर कायम कॉम लिहिलेल्या भोकात, ती कधी हलत नाही. लाल वायर व्होल्ट आणि ओहम लिहिलेल्या भोकात. तिसरं भोक १० अँपियरचं.

माझ्या आतेभावाने एकदा करंट मोजला, काम झालं, मीटर पडवीतल्या खुंटीला अडकवला. दुसऱ्या दिवशी बॅटरीचे व्होल्ट बघायला चकती नीट डीसी २० वर फिरवली, पण लाल वायर १० अँपियरच्याच भोकात राहिली होती. त्या भोकात मीटर म्हणजे आत नुसती जाड तार, त्यामुळे बॅटरीला सरळ शॉर्ट. फटाका फुटावा तसा आवाज, लाल पिनेचं टोक वितळून बॅटरीच्या पोलवर चिकटलं आणि वायरीचं प्लास्टिक हातात असताना मऊ झालं. तळहाताला फोड आले, डोळे वाचले हे नशीब. चकती कुठे आहे याचा भोकाशी काही संबंध नाही, हे तिथे जमलेल्या आम्हा कोणालाच माहीत नव्हतं.

तेव्हापासून आमच्या मीटरच्या १० अँपियरच्या भोकावर लाल टेप मारलेली आहे. ज्याला अँपियर मोजायचे त्याने टेप काढायची, मोजून झालं की वायर परत जागेवर आणि टेप परत लावायची. तुम्हीही हे आजच करा.

६. पहिलं माप: बॅटरी, सेल्फ, चार्जिंग

तिन्ही मापं एकदम घ्या, सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. लाल पिन पॉझिटिव्ह पोलवर, काळी निगेटिव्ह पोलवर. पोलवर म्हणजे शिशाच्या खुंटावर, वरच्या क्लॅम्पवर नाही, हे महत्त्वाचं आहे. नंतर क्लॅम्पवर पण मोजा, खुंट आणि क्लॅम्प यात फरक दिसला तर तिथेच घाण आहे.

गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी, किल्ली न लावता:
१२.६ किंवा वर: भरलेली.
१२.४: साधारण पाऊण.
१२.२: अर्धी.
१२.० च्या खाली: रिकामी होत आली, आधी चार्ज करा मग दोष द्या.

गाडी आत्ताच फिरवून आणली असेल तर हा आकडा खोटा फुगलेला असतो, चार-पाच तास थांबा.

आता पिना तशाच ठेवून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. आकडा खाली जातोच, पण साधारण साडेनऊच्या खाली जाऊ नये. भरलेली १२.६ ची बॅटरी सेल्फ मारताच ८ वर आली तर बहुतेक बॅटरीच थकलीय. पण सेल्फ कण्हतोय आणि आकडा मात्र साडेअकराच्या आसपासच राहतोय, तर बॅटरीला मोकळं सोडा, करंट तिच्याकडून निघतोय पण वाटेत अडतोय. आमचं हेच होतं.

तिसरं, गाडी चालू करून थोडा रेस द्या, हेडलाईट लावा. १३.८ ते १४.७ मध्ये यायला हवं. १३ च्या आसपास किंवा खाली राहिलं तर चार्जिंग होत नाही, १५ च्या वर गेलं तर जास्त होतंय आणि बॅटरी उकळेल. नव्या काही गाड्यांत चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो, तिथे भरलेल्या बॅटरीला आकडा थोडा वेळ खाली दिसू शकतो, म्हणून लाईट-एसी लावून परत बघा.

७. अर्थिंग, आणि बझरवर का भरवसा ठेवायचा नाही

हा भाग नीट वाचा, घाईत असाल तर बाकीचं सोडा.

गॅरेजमधल्या पोराने आमच्या गाडीची अर्थिंग, म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह ते इंजिन-बॉडी ही जोडणी, तपासली होती. बॅटरीची निगेटिव्ह आणि इंजिन यांच्यात बझर लावला, बीप वाजला, अर्थिंग ओके म्हणाला. त्याची पण चूक नाही, सगळे तसंच करतात. पण बझर कधी वाजतो? बहुतेक मीटरमध्ये तीस-पन्नास ओहमच्या खाली काहीही असलं की वाजतो. आता हिशेब करा. ६० वॅटचा हेडलाईट १२ व्होल्टवर ५ अँपियर घेतो. सांध्यात गंजामुळे अर्धा ओहम जरी अडथळा असला तरी अर्धा गुणिले पाच म्हणजे अडीच व्होल्ट तिथेच खाल्ले, बल्बला साडेनऊ पोचले, लाईट पिवळा. आणि बझर मात्र खणखणीत वाजणार. सेल्फचं तर विचारूच नका, तो १५० अँपियर किंवा जास्त ओढतो, तिथे ०.०२ ओहम म्हणजे ३ व्होल्ट गेले. एवढा बारीक ओहम आपल्या मीटरला दिसतच नाही, मीटरच्या वायरींचाच त्याच्या दहापट असतो. वीस तारांच्या वायरीतली एक तार शाबूत असली तरी बीप वाजतो.

म्हणून खाऱ्या हवेत अर्थिंग तपासायची ती करंट वाहत असताना, व्होल्टवर. अशी:

काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर चिमट्याने लावा. लाल पिन इंजिनाच्या स्वच्छ धातूवर, रंगावर किंवा गंजावर नाही, एखाद्या बोल्टचं डोकं घासून घ्या. चकती डीसी २० वर. सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघा. वाट मोकळी असेल तर ०.२ च्या आत राहतो. ०.५ दिसला तरी काम काढायचं. मग तेच चासीवर, तेच केबिनच्या बॉडीवर. पॉझिटिव्ह बाजूला पण तसंच, एक पिन पॉझिटिव्ह खुंटावर आणि दुसरी सेल्फ मोटरच्या जाड बोल्टवर, तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं.

आमच्याकडे इंजिनावर आकडा आला ३.१. म्हणजे बॅटरीने दिलेल्या साडेअकरातले तीन व्होल्ट सेल्फला मिळतच नव्हते. मी गाडीखाली झोपलो, इंजिनावरून चासीला गेलेली अर्थिंगची केबल बघितली, वरून काळं प्लास्टिक चकचकीत, थिंबल (केबलच्या टोकाला बोल्टसाठी असतो तो धातूचा कान) जागेवर, बोल्ट घट्ट. चिमटीत धरून वाकवली तर आत खसखस चुरल्यासारखा आवाज. ब्लेडने प्लास्टिक चिरलं तर आतून हिरवी पूड सांडली आणि तिच्यात चार-पाच तारा काय त्या तांब्याच्या उरलेल्या. थिंबलच्या तोंडातून खारं पाणी आत चढत गेलं होतं.

आणि दोन बॅटऱ्या का गेल्या ते पण याच्यातच होतं. गाडी चालू असताना बॅटरी भरतो तो ऑल्टरनेटर इंजिनाला बसवलेला, त्याची निगेटिव्ह पण त्याच सडक्या केबलमधून बॅटरीला जाणार, म्हणजे बॅटरी कधी पूर्ण भरतच नव्हती. अर्धी भरलेली शिसं-अ‍ॅसिडची बॅटरी तशीच वापरत राहिलं की आत सल्फेट धरतं आणि ती मरते. नवी घातली की थोडे महिने दम धरायची, परत तेच.

दुरुस्ती: नवी जाड केबल, थिंबल क्रिंप करून घेतलेले आणि त्यांच्या तोंडावर गरम करून आवळणारी स्लीव्ह. दोन्ही बोल्टच्या जागा चकाकेपर्यंत पॉलिश पेपरने घासल्या, कोरडं धातूला धातू आवळलं आणि आवळल्यानंतर वरून व्हॅसलिन फासलं. आधी फासायचं नाही. बॅटरीच्या निगेटिव्हवरून सरळ इंजिनाला एक जादा केबल पण टाकली. त्यानंतर आकडा ०.१ च्या आसपास. दादाने वहीत तो स्वतः लिहिला. तीच दुसरी बॅटरी अजून चालू आहे.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवं पीठ साचतं ते सोड्याच्या पाण्याने आणि टूथब्रशने धुवा, बॅटरीच्या झाकणातून पाणी आत जाऊ देऊ नका, सुकवा, घासा, लावा, मग व्हॅसलिन. आमच्याकडे हे काम मिरग लागायच्या आधी एकदा आणि गणपतीनंतर एकदा असतंच.

८. वायरीला पिन टोचू नका

घाटावरच्या व्हिडिओत सर्रास दाखवतात, वायरीच्या प्लास्टिकमध्ये सुई टोचली आणि करंट बघितला. आपल्याकडे ते भोक म्हणजे खाऱ्या हवेला उघडलेलं दार. पहिल्याच पावसाळ्यात तिथे तांबं हिरवं पडायला सुरुवात होते आणि पुढे असा फॉल्ट येतो जो कोणाला सापडत नाही. कनेक्टरच्या मागून, वायर जिथे आत शिरते तिथून बारीक पिन सरकवा. नाईलाजाने टोचावीच लागली तर लगेच तिथे सिलिकॉन किंवा स्लीव्ह करा, काळी टेप पुरत नाही, ती उन्हात सुटते आणि आत ओल धरते.

कनेक्टरच्या पुढच्या बाजूने जाड पिन खुपसून आतलं टर्मिनल फाकवणं ही पण नेहमीची चूक, मग बाकी सगळं ठीक असून कनेक्शन सैल राहतं.

९. फ्यूज

फ्यूज काढायची पण गरज नाही. किल्ली ऑन करा, काळी पिन घासलेल्या बोल्टवर, लाल पिन फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक धातूचे ठिपके असतात त्या दोन्हींवर आळीपाळीने. दोन्हीकडे १२ तर फ्यूज चांगला, एकीकडेच तर उडालेला, कुठेच नाही तर करंट तिथवर येतच नाही, मागे रिले किंवा किल्ली बघा.

रंग लक्षात ठेवा: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. १० चा सारखा उडतोय म्हणून २० चा घालणं किंवा तार गुंडाळणं म्हणजे वायर पेटवणं. आमच्याकडे फ्यूज उडायचं मोठं कारण उंदीर, शेंगदाण्याच्या पोत्याशेजारी आणि काजूच्या खळ्यात उभ्या गाड्यांच्या वायरी ते कुरतडतात, तेव्हा आधी डोळ्यांनी बघा मग मीटर काढा.

१०. रात्रीत बॅटरी उतरते तेव्हा

गाडी बंद असताना पण घड्याळ, कॉम्प्युटर, सेंट्रल लॉक थोडा करंट घेतात. साधारण ५० मिलिअँपियरच्या आत असेल तर ठीक. ३०० मिलिअँपियर जात असेल तर दिवसाला सात अँपियर-तासाच्या वर गेले, ३५ ची बॅटरी तीन दिवसांत अर्ध्याच्या खाली. मुंबईकर गाडी ठेवून गेला आणि आठवड्याने आला की सेल्फ लागत नाही, त्यामागे बहुतेक वेळा नंतर बसवलेला म्युझिक सिस्टीम, जीपीएस किंवा फॉग लॅम्पचा रिले असतो.

सोपी आणि बिनधोक रीत अशी. गाडी बंद, दारं लॉक, किल्ली लांब, फ्यूज बॉक्सचं झाकण आधीच उघडून ठेवायचं, अर्धा तास थांबायचं म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर झोपतात. मग मीटर सगळ्यात बारीक मिलिव्होल्टवर आणि एकेका फ्यूजच्या दोन्ही ठिपक्यांवर दोन पिना. शून्य म्हणजे त्यातून काही जात नाही. जिथे पाव मिलिव्होल्ट, अर्धा मिलिव्होल्ट दिसेल त्या लाईनवर कोणीतरी जागं आहे.

नेमका आकडाच हवा असेल तर टेप काढून १० अँपियरचं भोक. निगेटिव्ह क्लॅम्प सोडवायचा, काळी पिन बॅटरीच्या खुंटावर, लाल पिन सुटलेल्या क्लॅम्पवर, चिमट्यांनी. मीटर असा जोडलेला असताना किल्ली फिरवायची नाही, सेल्फ तर मुळीच नाही. घरात लहान मुलं असतील तर किल्ली खिशात ठेवा.

११. स्कूटर आणि बाईक

आकडे तेच, बॅटरी लहान. जुन्या बाईकचा हेडलाईट बऱ्याचदा सरळ मॅग्नेटोच्या एसीवर चालतो, डीसीवर ठेवून मोजला तर शून्य येतो आणि माणूस उगाच वायरिंग उघडतो, म्हणून चकती एसीवर पण फिरवून बघा. २०१७ च्या एप्रिलपासूनच्या दुचाकींना इंजिन चालू तोवर हेडलाईट आपोआप लागलेला असतो, तेव्हा चार्जिंग मोजताना तो भार धरलेलाच आहे.

चार्जिंग येत नसेल तर स्टेटरकडून, म्हणजे इंजिनात वीज तयार करणाऱ्या कॉइलकडून, येणारा कनेक्टर काढा, बऱ्याच गाड्यांत त्यात एका रंगाच्या तीन वायरी असतात, जास्त करून पिवळ्या. गाडी चालू करून चकती एसीवर ठेवून दोन-दोनच्या जोडीत मोजा, तिन्ही जोड्यांत सारखा आकडा आणि रेस दिला की वाढणारा हवा. गाडी बंद करून एकेक वायर आणि बॉडी यांच्यात बझर लावा, इथे वाजता कामा नये. हे दोन्ही ठीक तर संशय एसीचा डीसी करणाऱ्या रेक्टिफायरवर. तो कनेक्टर जळून तपकिरी झालाय का ते सगळ्यात आधी बघा.

१२. याला हात लावू नका

इलेक्ट्रिक कारमधल्या जाड नारिंगी केबल. तिथे तीनशे व्होल्ट आणि वर असतात, माणूस जागच्या जागी जातो, आपला मीटर आणि आपलं ज्ञान दोन्ही तिथे पुरत नाही. ई-रिक्षा आणि इलेक्ट्रिक स्कूटरची मुख्य बॅटरी पण उघडू नका. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरवर ओहम किंवा बझर लावू नका, मीटरच्या त्या बारीक करंटने पण एअरबॅग फुटू शकते. इंजिनाच्या स्पार्क प्लगच्या वायरीत हजारो व्होल्ट असतात, तिथे मीटर लावला की मीटर गेला. इंजिनाच्या सेन्सरांना बरेचदा ५ व्होल्ट असतात, ते मीटरने बघायला हरकत नाही पण बल्बवाला टेस्टर लावू नका, कॉम्प्युटर उडतो.

आणि २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हासारख्या पुरात बुडालेली गाडी कोणी स्वस्तात देत असेल तर पैसे देण्याआधी सीटखालचे आणि डॅशबोर्डखालचे कनेक्टर सोडवून बघा. आत चिखलाची रेघ किंवा हिरवा रंग दिसला तर किती मोजलं तरी फॉल्ट संपत नाहीत.

१३. पावसाळ्यात मीटर कुठे ठेवायचा

मीटर पण खाऱ्या हवेतच राहतो. आमच्या पहिल्या मीटरच्या चकतीखालचे पत्रे काळे पडले आणि तो १२.६ च्या जागी कधी ११ तर कधी १३ दाखवायला लागला. आता घट्ट झाकणाच्या डब्यात, बुटांच्या खोक्यात येतात त्या पुड्या घालून ठेवतो. जून ते सप्टेंबर वापर नसेल तर आतला सेल काढून ठेवतो, तो पाझरला तर मीटर खातो. डिस्प्लेवर बॅटरीची खूण आली की लगेच सेल बदला, कमी सेलवर बरेच मीटर व्होल्ट जास्त दाखवतात आणि रिकामी बॅटरी भरलेली वाटते. दर महिन्याला एक नवा पेन्सिल सेल मोजून वहीत लिहा, आकडा हलला तर मीटरचा संशय घ्या.

गॅरेजला जायची वेळ आली तर बॅटरी गेलीय असं सांगत जाऊ नका, समोरचा बॅटरीच बदलेल. असं सांगा: दादा, उभी असताना १२.६ आहे, सेल्फला खुंटावर साडेअकरा राहतात आणि निगेटिव्ह ते इंजिन तीन व्होल्ट दिसतात. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन एवढं ऐकून सरळ गाडीखाली जातो.